गोधडीचा काठ कसा बांधावा: गोट लावण्याची सविस्तर पद्धत

गोधडी मध्ये विरते आणि काठाला फाटते. पांघरताना आपण तिला काठाला धरून ओढतो, धुतल्यावर काठाला धरून झटकतो, घडी घालतानाही हात काठालाच लागतो. मधल्या भागात एखादा टाका तुटला तर आजूबाजूचे टाके सांभाळून घेतात. काठाला असा शेजार एकाच बाजूने असतो. तरीही बहुतेकजण मधल्या शिलाईवर जीव ओततात आणि काठ उरकून टाकतात, कारण तिथवर येईपर्यंत कधी एकदा पूर्ण होते असं झालेलं असतं.

रोजच्या वापरातल्या गोधडीला दुहेरी गोट लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. दुहेरी गोट म्हणजे पट्टी मधोमध दुमडून, दोन पदरी करून लावलेली किनार. वरचा पदर झिजला तरी खाली दुसरा असतो. पुढचा बहुतेक मजकूर याच पद्धतीचा आहे. बाकीच्या पद्धती शेवटी थोडक्यात येतील. मापं इंच आणि सुतात दिली आहेत: ८ सूत म्हणजे १ इंच, आणि १ सूत म्हणजे जवळपास ३ मिलिमीटर.

पट्टीची रुंदी गोधडीच्या जाडीवर ठरते

पट्टी किती रुंद कापायची, याचं एकच उत्तर सगळीकडे ऐकू येतं: अडीच इंच. पातळ सुती भरण असलेल्या गोधडीला ते चालून जातं. पण कापडाचेच सहा-सात थर असतील किंवा आत फुगीर पॉलिस्टर भरण असेल, तर तेवढी पट्टी मागे पोहोचतच नाही. ओढूनताणून पोहोचवली तर काठ आत वळतो. उलट अगदी पातळ गोधडीला तीच पट्टी जास्त होते आणि गोट पोकळ राहतो. आत आधार नसला की घडीची रेघ धारदार होते आणि सगळं घासणं त्या एका रेघेवर येतं. त्यामुळे पोकळ गोट लवकर विरतो. गोट दोन बोटांत धरल्यावर टोकापर्यंत भरलेला लागला पाहिजे.

म्हणून आधी जाडी मोजा. गोधडीचा काठ टेबलावर सपाट ठेवा, त्यावर एक मोजपट्टी हलकेच आडवी ठेवा आणि टेबलापासून त्या पट्टीपर्यंतची उंची पाहा. दाबून मोजू नका. मग हे गणित करा:

पट्टीची रुंदी = माया × ६ + जाडी × २ + २ सूत

माया म्हणजे शिलाई काठापासून जितक्या आत मारणार तेवढं अंतर. दर्शनी बाजूला गोट तेवढाच रुंद दिसतो. सहा पट कशासाठी, तर दुमडलेल्या पट्टीच्या प्रत्येक पदराला तेवढं अंतर तीनदा पार करायचं असतं. एकदा काठापासून शिलाईपर्यंत, दुसऱ्यांदा शिलाईवरून उलटून पुन्हा काठापर्यंत आणि तिसऱ्यांदा मागच्या बाजूला काठापासून शिलाईच्या रेघेपर्यंत. पदर दोन, म्हणून सहा. जाडी ओलांडायलाही दोन पदर लागतात, म्हणून जाडीची दुप्पट. शेवटचे दोन सूत मागची शिलाई झाकण्यापुरते, पदराला एक-एक.

माया २ सूत आणि जाडी १ सूत असेल तर १६ सूत, म्हणजे २ इंच रुंद पट्टी लागते. माया ३ सूत आणि जाडी १ सूत असेल तर २२ सूत, म्हणजे पावणेतीन इंच. जाडी २ सुतांवर गेली तर ३ इंच. अडीच इंचांचं प्रसिद्ध माप या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी बसतं.

गणित झालं तरी लगेच सगळ्या पट्ट्या कापू नका. गोधडीचे थर छाटताना निघालेला एखादा तुकडा घ्या, वीतभर पट्टी लावून पाहा आणि मागे वळवा. पट्टी सहज वळली, मागची शिलाई जेमतेम झाकली गेली आणि आत पोकळी राहिली नाही, की माप बरोबर. कापड कमी-जास्त जाड असतं, इस्त्रीची घडी थोडी जागा खाते. एखाद्या सुताचा फरक या नमुन्यातच कळतो.

छाटण्याआधी शिवा, मग छाटा

गोधडीला टाके घालत गेलं की ती आकसते, आणि सगळीकडे सारखी आकसत नाही. जिथे टाके दाट तिथे जास्त, जिथे विरळ तिथे कमी. म्हणून सुरुवातीला काटकोनात असलेली गोधडी शेवटी तशी राहत नाही. तिचा आकार पुन्हा नीट करून घ्यावा लागतो.

गोधडी जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर पसरा. हातांनी सपाट करा, पण ताणू नका. लांबी तीन ठिकाणी मोजा: दोन्ही कडांना आणि मधोमध. रुंदीही तशीच. नंतर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर कोपरे काटकोनात आहेत. पूर्ण पलंगाच्या गोधडीत अर्ध्या इंचाचा फरक असेल तर फार मनावर घेऊ नये, तो पांघरल्यावर कोणाला दिसत नाही. दीड-दोन इंचांचा फरक मात्र घडी घालताना दरवेळी जाणवतो.

छाटायची रेघ आखताना कापलेल्या कडेचा भरवसा धरू नका. तुकड्यांच्या जोडाची एखादी लांब सरळ रेघ किंवा शिलाईची रांग आधार म्हणून घ्या आणि तिच्यापासून समान अंतर मोजत खुणा करा. कोपऱ्याला गुण्या लावा. रेघेच्या आत सगळीकडे वरचं कापड, भरण आणि अस्तर तिन्ही थर पोहोचले आहेत का, ते चाचपून पाहा. एखाद्या ठिकाणी भरण कमी पडलं असेल तर रेघच थोडी आत घ्या. तिथे पुढे गोट पोकळ राहिला तर तो भरायला दुसरा मार्ग नसतो.

आता महत्त्वाची गोष्ट. हाताने टाके घातलेल्या गोधडीत धावदोऱ्याच्या रांगा कडेपर्यंत गेलेल्या असतात. सरळ कात्री चालवली तर ते दोरे कापले जातात आणि काठाकडून टाके सुटत जातात. म्हणून छाटायच्या रेघेच्या १ सूत आत चारही बाजूंनी शिलाई मारून घ्या. मशीनवर टाका मोठा ठेवा, ४ मिलिमीटरच्या आसपास. हाताने असेल तर धावदोरा घालून मध्येमध्ये एखादा टाका मागे घेत चला. ही शिलाई पुढे गोटाखाली लपते. ती झाली की रेघेवर छाटा. थर सरकत नाहीत आणि कापलेला काठ ताणलाही जात नाही.

काठ लाटेसारखा वर-खाली होत असेल तर छाटण्याआधीच त्याचं कारण बघा. बहुतेकदा मध्ये टाके दाट आणि कडेला विरळ असतात, त्यामुळे मधला भाग आकसतो आणि कड मोकळी राहते. अशा वेळी कडेच्या पट्ट्यात आणखी एक-दोन रांगा घालाव्यात. थोडीच लाट असेल तर त्याच रेघेवर, टाका मागे न घेता, एक साधा धावदोरा घालून तो हलका ओढून कड मधल्या मापाला आणा, चुण्या बोटांनी सारख्या पसरा आणि वाफेची इस्त्री वरच्यावर धरा. पॉलिस्टर भरण असेल तर इस्त्री टेकवू नका; उष्णतेने ते चपटं होतं.

उभा धागा, आडवा धागा, उरेब

पट्टी कुठल्या दिशेने कापायची यावर शिवणाऱ्यांमध्ये पुष्कळ मतं आहेत. कापडाच्या काठाला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी सगळ्यांत कमी ताणली जाते. पन्ह्याच्या आडवी कापलेली पट्टी किंचित ताणली जाते. ४५ अंशांत तिरकी कापलेली, म्हणजे उरेब पट्टी भरपूर ताणली जाते आणि वळणावर बसते.

टिकाऊपणाचा प्रश्न वेगळा आहे. सरळ पट्टी दुमडली की काठाच्या घडीवर एकच धागा लांबवर धावत असतो. झिजून तो तुटला की घडीच्या रेघेवर लांब चीर पडते. उरेब पट्टीत धागे घडीला तिरके ओलांडतात, त्यामुळे घासणं अनेक धाग्यांत वाटलं जातं आणि एखादा धागा तुटला तरी चीर पुढे सरकत नाही. वर्षानुवर्षं वापरायच्या, वारंवार धुवायच्या गोधडीला उरेब लावणं म्हणूनच फायद्याचं. मात्र तिला कापड जास्त लागतं, आणि लावताना हात जरा जरी ओढला गेला तरी काठ आकसतो. सरळ कडांची गोधडी आणि पहिलाच प्रयत्न असेल तर आडवी पट्टी घ्यावी. गोल कोपरे किंवा कमानीदार काठ असेल तर पर्यायच नाही, उरेबच हवी.

कापड सुती, घट्ट विणीचं आणि गोधडीच्या वरच्या कापडाइतक्याच वजनाचं असावं. गडद रंगाचं असेल तर आधी धुऊन घ्या. ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर पुन्हा धुवा, तरीही लागत असेल तर दुसरं कापड घ्या. पहिल्याच धुण्यात गोटाचा लाल रंग पांढऱ्या अस्तरात उतरला की तो काढणं कठीण होऊन बसतं. मापाच्या दृष्टीनेही धुणं बरं: गोट नंतर आकसला तर काठावर चुण्या पडतात.

कापड किती लागेल

एक उदाहरण घेऊ. गोधडी ६० इंच × ९० इंच. घेर ३०० इंच. कोपरे आणि शेवटची जुळणी यांसाठी १२ इंच वाढवा: ३१२ इंच. कापडाचा पन्हा ४४ इंच धरला तर दोन्हीकडचे काठ काढून ४२ इंच हाती येतात. पट्टी पावणेतीन इंच रुंद असेल तर प्रत्येक तिरक्या जोडात तेवढी लांबी कमी होते. ८ पट्ट्यांचे ३३६ इंच होतात, त्यातून ७ जोडांचे सव्वाएकोणीस वजा केले तर सुमारे ३१६ उरतात. पुरेसे. म्हणजे ८ × पावणेतीन = २२ इंच कापड; सरळ करताना थोडं जाणार म्हणून २४ घ्या.

उरेब पट्टी चौरसातून काढायची असेल तर हिशेब असा: पट्टीची लांबी गुणिले रुंदी, आणि त्याचं वर्गमूळ. ३१२ × पावणेतीन म्हणजे ८५८, वर्गमूळ सव्वाएकोणतीसच्या जवळ. जोड आणि कोपऱ्यांतली नासाडी धरून ३२ इंचांचा चौरस घ्या.

सुटे सुटे तुकडे कापून जोडत बसण्यापेक्षा चौरसातून सलग पट्टी काढणं सोपं पडतं. चौरस एका कर्णावर कापा. दोन्ही त्रिकोणांच्या आखूड बाजूंपैकी एकेक समोरासमोर आणून सुलटीवर सुलटी ठेवून शिवा. तिरका चौकोन तयार होईल. त्याच्या उलट्या बाजूवर, तिरक्या कापलेल्या कडेला समांतर, पावणेतीन इंचांवर रेघा आखा. आता रेघा ज्या दोन कडांना येऊन भिडतात त्या कडा जोडून नळकांडं करा, पण एक रेघ सरकवून: पहिली रेघ समोरच्या दुसरीला मिळाली पाहिजे. मग कात्री पहिल्या रेघेवर घाला आणि गोल गोल कापत जा. एकच लांब पट्टी हातात येईल.

पट्ट्यांचे जोड

जोड नेहमी तिरके घ्यावेत. सरळ जोडात मायेची सगळी जाडी एका जागी येते, आणि पट्टी दुमडून काठावरून वळली की तिथे चक्क गाठ लागते. तिरक्या जोडात ती जाडी दोन-अडीच इंचांत पसरते.

दोन पट्ट्यांची टोकं काटकोनात, सुलटीवर सुलटी ठेवा. टोकं एकमेकांबाहेर थोडी येऊ द्या. जिथे कडा एकमेकींना छेदतात त्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारून शिवा. शिवल्यावर लगेच छाटू नका. पट्टी उलगडून पाहा; कर्ण चुकीचा धरला गेला तर पट्टी सरळ न जाता वळते. बरोबर असेल तर पाव इंच माया ठेवून उरलेलं छाटा, माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. सगळी पट्टी जोडून झाली की ती उलटीवर उलटी येईल अशी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा. उरेब पट्टीवर इस्त्री ओढू नका, उचलून ठेवत चला.

शिवायला घेण्याआधी पट्टी नुसती गोधडीच्या काठावरून फिरवून पाहा. एखादा जोड नेमका कोपऱ्यावर येत असेल तर सुरुवातीची जागा बदला. कोपऱ्याच्या घडीत जोड आला की तो कोपरा कधीच नीट बसत नाही.

पहिली शिलाई आणि कोपरा

मागची बाजू हाताने पूर्ण करायची असेल तर पट्टी आधी दर्शनी बाजूला लावायची. एखाद्या बाजूच्या मधल्या भागापासून सुरुवात करा, कोपऱ्यापासून नको. पट्टीच्या उघड्या कडा गोधडीच्या काठाला लागून, घडी आतल्या बाजूला. सुरुवातीचं १० इंच टोक मोकळं सोडा. माया ३ सूत, टाका ३ मिलिमीटर. मशीनला वॉकिंग फूट (वरचा आणि खालचा थर सारखाच सरकवणारा फूट) असेल तर तोच लावा, कारण साध्या फूटाखाली खालचा थर पुढे सरकतो आणि वरचा मागे राहतो. नसेल तर फूटाचा दाब कमी करा आणि टाचण्या जवळजवळ लावा. जाड काठाला टाचण्यांपेक्षा क्लिपा सोयीच्या. मशीन नसेल तर हाताने टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेत पुढे जा. नुसता धावदोरा इथे पुरत नाही.

पट्टी ओढू नका, गोधडीही ओढू नका. लांब बाजूवर आधीच चार भागांच्या खुणा पट्टीवर आणि काठावर करून त्या जुळवत गेलं तर काठ लाटत नाही.

कोपऱ्याला आलात की थांबा. पुढच्या काठापासून बरोबर मायेइतक्या अंतरावर, इथे ३ सूत, सुई थांबली पाहिजे. तिथे एक-दोन टाके मागेपुढे करून दोरा तोडा आणि गोधडी मशीनखालून बाहेर काढा. हे अंतर आधीच टाचणीने किंवा खडूने खूण करून ठेवलेलं बरं. सुई पुढे गेली तर घडी अडकते आणि कोपऱ्यात चुणी पडते. आधीच थांबली तर कोपऱ्यात भोक राहतं.

गोधडी फिरवा, म्हणजे पुढची बाजू समोर येईल. आता पट्टी वर, तुमच्यापासून दूर दुमडा, अशी की कोपऱ्यात ४५ अंशांची तिरकी घडी पडेल आणि पट्टीची उघडी कड पुढच्या काठाच्या सरळ रेषेत वर जाईल. ती घडी बोटाने दाबून धरा. मग पट्टी सरळ खाली आणा, पुढच्या काठाला लावा. वर जी आडवी घडी तयार झाली ती आत्ताच शिवलेल्या काठाशी तंतोतंत टेकली पाहिजे. ती काठाच्या खाली घसरली तर कोपरा बोथट होतो. वर आली तर शिंगासारखा बाहेर येतो. इथे घाई करू नये. जुळलं की टाचणी लावा आणि अगदी वरच्या काठापासून शिवायला सुरुवात करा. चारही कोपरे असेच.

पहिला कोपरा झाला की पुढे जाण्याआधी पट्टी मागे वळवून पाहा. उसवायचंच असेल तर एकच कोपरा उसवावा लागतो.

दोन टोकांची जुळणी

सगळ्यांत जास्त लोक इथे अडकतात, त्यामुळे अनेकजण एक टोक दुमडून दुसरं त्यात खोचतात. ते चालतं, पण तिथे जाडी येते आणि हाताला लागते. तिरका जोड थोडा त्रासाचा असला तरी बाकीच्या जोडांसारखाच दिसतो.

सुरुवातीच्या जागेच्या आधी १२ इंच मोकळे ठेवून शिलाई थांबवा. पहिलं टोक काठावर सपाट ठेवा आणि मोकळ्या जागेच्या साधारण मध्यावर सरळ कापा. दुसरं टोक त्याच्यावर आणा. ते पहिल्या टोकाच्या पुढे पट्टीच्या पूर्ण रुंदीइतकं, म्हणजे इथे पावणेतीन इंच जाईल, तिथे कापा. माप टेपने घेण्यापेक्षा कापलेल्या पट्टीचाच एक तुकडा उलगडून आडवा ठेवला तर चुकायला वाव राहत नाही.

आता गोधडीचा काठ मध्ये थोडा गोळा करून क्लिप लावा, म्हणजे दोन्ही टोकांना हालायला जागा मिळेल. दोन्ही टोकं उलगडा, काटकोनात सुलटीवर सुलटी ठेवा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टाचण्या लावा. शिवण्याआधी गोधडी सोडून पट्टी काठावर पसरून बघा; पीळ पडलेला असेल तर आत्ताच दिसतो. मग शिवा, पुन्हा पाहा, नंतरच माया छाटा. पट्टी दुमडा आणि राहिलेला काठ शिवून टाका.

भिंतीवर टांगायची गोधडी असेल तर दांडा घालायची नळी आत्ताच, गोट मागे वळवण्याआधी, वरच्या काठाला मागून लावून घ्या. तिच्या उघड्या कडा गोटाखाली आपोआप लपतात.

मागची बाजू, हाताने

पट्टी मागे वळवा आणि क्लिपांनी थोडी-थोडी धरा. एकदम सगळीकडे क्लिपा लावायची गरज नाही, हातभर पुरे. घडीची कड शिलाईच्या रेघेला जेमतेम झाकेल अशी असावी.

दोरा गोटाच्या रंगाचा घ्या, अस्तराच्या नव्हे. टाका गोटाच्या घडीत जातो, तिथे तो लपला पाहिजे. लांबी दीड हातापेक्षा जास्त नको, गुंता होतो आणि कापडातून ओढून ओढून दोरा झिजतो. एकेरी दोरा, मेणावरून एकदा ओढलेला. सुई बारीक आणि आखूड. गाठ गोटाखाली लपवा.

टाका असा: सुई घडीच्या कडेतून बाहेर काढा. बरोबर तिच्यासमोर, अस्तरात सुई घाला. पुढे किंवा मागे नको, नाहीतर टाका तिरका दिसतो. सुई भरणातून १ सुताहून थोडी जास्त सरकवा आणि पुन्हा घडीच्या कडेतून बाहेर काढा. दर्शनी बाजूपर्यंत सुई जाऊ देऊ नका; डाव्या हाताचं बोट खाली धरलं की कळतं. दोरा ओढताना टाका आत बुडेल एवढाच ओढा. जास्त ओढला तर गोटावर खड्डे पडतात. एका इंचात ६ टाके धरले तर ३०० इंचांच्या घेराला १८०० टाके लागतात. एका बैठकीत संपवायच्या भानगडीत पडू नका. थकल्यावर टाके मोठे व्हायला लागतात आणि ते आपल्याला दिसतही नाहीत.

दर दहा-बारा इंचांवर एकाच जागी दोन टाके घ्या. पुढे कधी दोरा तुटला तर सगळा काठ न सुटता तेवढाच तुकडा सुटतो.

कोपऱ्यात आधी एक बाजू पूर्ण वळवून कोपऱ्यापर्यंत शिवा, मग दुसरी तिच्यावर वळवा. समोरची घडी ज्या बाजूला पडली आहे, मागची तिच्या उलट बाजूला पडली तर जाडी विभागली जाते आणि कोपरा सपाट बसतो. तिरक्या घडीवरही तीन-चार टाके घ्या, मागून आणि समोरूनही. जाड गोधडीत कोपऱ्याच्या आतलं भरण किंचित तिरकं छाटलं तर चालतं, पण हात आवरा. जास्त छाटलं तर टोक रिकामं राहतं आणि पहिल्या धुण्यातच मुडपतं.

मशीनने संपवायचं असेल तर क्रम उलटा

लहान मुलांच्या, सतत धुतल्या जाणाऱ्या गोधड्यांना मशीनची शिलाई चांगली. मग पट्टी आधी अस्तराच्या बाजूला लावा आणि समोर वळवून घडीच्या अगदी कडेवर, अर्ध्या-पाऊण सुतावर टीप मारा. वरचा दोरा गोटाच्या रंगाचा आणि बॉबिनचा दोरा अस्तराच्या रंगाचा ठेवा. मागच्या बाजूला ही टीप गोटाला लागून एक वेगळी रेघ म्हणून दिसते. ती सरळ यावी यासाठी वळवताना घडी सगळीकडे आधीच्या शिलाईपुढे सारखीच न्या. टाचण्यांऐवजी कच्चा दोरा घातला तर काम जास्त नेटकं होतं.

पट्टीशिवाय काठ

अस्तर मोठं कापलेलं असेल तर तेच समोर वळवून काठ बांधता येतो. अर्ध्या इंचाचा गोट हवा असेल तर अस्तर वरच्या कापडापेक्षा १ इंच आणि जाडीपुरतं आणखी थोडं बाहेर ठेवा. त्याची कड गोधडीच्या काठापर्यंत आत दुमडा, पुन्हा एकदा समोर दुमडा आणि शिवा. काम लवकर होतं, वेगळं कापड लागत नाही. पण काठावर एकच पदर येतो, आणि तो फाटला तर अस्तरच फाटलेलं असतं. भिंतीवरच्या किंवा क्वचित काढायच्या गोधडीला ठीक.

दुसरी पद्धत, दोन्ही कापडं आत दुमडून कडेला शिवणं. भरण कडेपासून २ सूत आत छाटायचं, वरचं कापड भरणावरून आत घ्यायचं, अस्तर त्याच्यासमोर आत दुमडायचं आणि दोन्ही घड्या लपत्या टाक्याने जोडायच्या. यासाठी गोधडीचे टाके कडेच्या पाऊण इंच आधी थांबलेले असावे लागतात, म्हणून हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा. गोटाची चौकट नको असेल, चित्र अगदी कडेपर्यंत जावं असं वाटत असेल, तर ही छान दिसते.

नुसता ब्लँकेट टाका (कडेवरून दोरा अडकवत घेतलेला टाका) जाड लोकरीच्या कापडाला शोभतो. सुती थरांच्या गोधडीवर तो एकटा पुरत नाही. धागे सुटत राहतात.

गोल कोपरे करायचे असतील तर चारही एकाच आकाराने आखा आणि उरेब पट्टी लावताना वळणावर ती किंचित सैल सोडा. ओढली तर कोपरा वाटीसारखा वर वळतो.

विरलेला गोट बदलताना

गोट फाटला म्हणून गोधडी टाकायची नसते. फाटलेला भाग हातभरच असेल तर त्याच्या दोन्हीकडे चार-चार इंच जास्तीचे उसवा. जुनी पट्टी काढून तिच्याच रुंदीचा नवा तुकडा घ्या. दोन्हीकडच्या जुन्या टोकांना तो तिरक्या जोडाने जोडा आणि नेहमीसारखा लावा. नवं कापड आधी दोन-तीनदा धुतलेलं असावं, नाहीतर ते नंतर आकसून जुन्या गोटाला ओढतं.

सगळाच गोट विरला असेल आणि आतले थर काठाला नाजूक झाले असतील तर जुना उसवूच नका. उसवताना कुजलेले धागे सुटतात आणि काठ हातात येतो. जुन्या गोटाच्या विरलेल्या घडीवर धावदोरा घालून ती बसवा आणि त्याच्यावरून नवा, जास्त रुंद पट्टीचा गोट लावा. जाडी पुन्हा मोजा, कारण आता आतमध्ये जुना गोटही आहे.